पोटखराब्यातला टुंड्रा

सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाचा एक रकाना असतो. पिकाखाली न येणारी जमीन त्यात जाते: कातळ, मुरमाड, बरड, नाल्याचा काठ. महसुलाच्या नजरेनं ही नोंद चुकीची नाही, तिथं ना कांदा येतो ना द्राक्ष. घोटाळा पुढं होतो. महसुलाचा शब्द हळूहळू निसर्गाचं वर्णन होऊन बसतो. पीक नाही ते खराब, झाड नाही ते उजाड, आणि उजाड आहे म्हणजे कुणीतरी येऊन ते हिरवं करायलाच हवं. दर पावसाळ्याच्या तोंडाशी नाशिक जिल्ह्यात फावडी-घमेली घेऊन निघणाऱ्या संस्था, कंपन्यांचे कर्मचारी आणि शाळांची पोरं याच तर्कावर टेकड्या चढतात.

एखादा तलाठी उत्तर सायबेरियात पाठवला तर तो याच हिशेबानं अख्खा टुंड्रा पोटखराब्यात लिहून मोकळा होईल. उत्तर ध्रुवाभोवतीचा, वनस्पतींनी झाकलेला टुंड्रा सुमारे ५० लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या दीडपट. एवढ्या जागेत सावलीला उभं राहावं असं झाड नाही. शब्दाचा अर्थच तो आहे. सामी लोकांच्या बोलीतून रशियनमार्गे जगभर गेलेला हा शब्द बिनझाडांच्या उंच प्रदेशाला वापरत. आपण ज्याला माळ म्हणतो तोच, गारठ्यातला.

माझं म्हणणं एवढंच आहे: नाशिकचे माळ आणि सह्याद्रीच्या माथ्यावरची पठारं या झाडांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागा नाहीत. तिथं खड्डे खणणं थांबवावं. हे का, ते समजून घ्यायला टुंड्राइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. तिथं झाड का नाही याची कारणं मोजलेली आहेत, आणि तशा उत्तरेकडच्या उघड्या रानात बाहेरचं काही आणून लावलं तर काय बिघडतं तेही लोकांनी करून पाहिलं आहे.

शाळेच्या भूगोलात टुंड्रा बर्फाचं घर, कुत्र्यांची गाडी आणि रेनडिअर एवढ्यावर उरकतो. म्हणून आधी थोडा तपशील. टुंड्रात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण १५० ते २५० मिलिमीटर पाणी पडतं. येवला-नांदगावकडे, आपल्या जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला, सरासरी ५०० च्या आसपास पडतं. म्हणजे टुंड्रा फार तर येवल्याच्या निम्मा ओला. तरी उन्हाळ्यात तिथं घोटाभर चिखल, जागोजागी डबकी आणि डासांचे थवे असतात, कारण पाण्याला मुरायला वाट नसते. खाली पर्माफ्रॉस्ट असतो. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशावर वा त्याखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, आणि सायबेरियात काही ठिकाणी तो हजार मीटरच्याही खाली जातो. उन्हाळ्यात वितळतो तो फक्त वरचा थर, कुठं हातभर तर कुठं मीटरभर. मुळं, किडे, बुरशी, सगळा संसार तेवढ्यातच.

झाड नसण्याचं कारण नुसती थंडी नव्हे. सर्वांत उबदार महिन्याचं सरासरी तापमान १० अंशांच्या खाली राहिलं की झाडाला खोड वाढवण्याइतकी कमाई होत नाही. जगात झाडांची उत्तरेकडची सीमा ढोबळमानानं याच रेषेवर येऊन थांबते. त्यात वाढीचा हंगाम अवघा ५० ते ६० दिवसांचा, आणि वाऱ्यात उडणारे बर्फाचे कण बर्फाच्या वर आलेली फांदी कानशीनं घासावी तशी घासून काढतात. म्हणून तिथल्या वनस्पतींनी उंचीचा नादच सोडला. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज चांगला उंच वाढतो. त्याचा टुंड्रातला भाऊबंद, ध्रुवीय विलो, जमिनीवर फरशीसारखा पसरतो, बहुधा वीतभरही उंच होत नाही, आणि शंभर वर्षं जगू शकतो. त्याच्यावरून चालताना आपण एका झाडाच्या शेंड्यावरून चालतोय हे कळतही नाही. खसखशीच्या कुळातली ध्रुवीय पॉपी दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवत राहते. तिच्या वाटीसारख्या पाकळ्या ऊन मधोमध गोळा करतात, आत बसलेल्या माशीला बाहेरच्यापेक्षा काही अंश जास्त ऊब मिळते, आणि त्या उबेपायी माशी फुलात रेंगाळते. अनेक वनस्पती यंदाची कळी गेल्या वर्षीच तयार करून ठेवतात, म्हणजे बर्फ हटला की वेळ न दवडता फुलता येतं. आणि सगळ्यांचा मोठा भाग जमिनीखाली: मुळं, कंद, गाठी. वरून बघणाऱ्याला जे दिसतं ते भांडवलावरचं व्याज.

रेनडिअरचं हिवाळ्यातलं मुख्य खाणं म्हणजे लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल त्याचंच नातलग. ते वर्षाला चार-पाच मिलिमीटर वाढतं. एकदा तुडवून-खरवडून गेलेला पट्टा पूर्ववत व्हायला दशकं लागतात. रेनडिअर खुरानं बर्फ उकरून ते खातो, आणि बर्फ भुसभुशीत आहे तोवर हे जमतं. हिवाळ्यात अवेळी पाऊस पडून मग गोठला की वर काचेसारखा थर धरतो आणि जनावर उपाशी मरतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये रशियाच्या यामल द्वीपकल्पात असंच झालं. त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडिअर दगावले. आर्क्टिक उर्वरित जगापेक्षा जवळजवळ चौपट वेगानं तापतोय, त्यामुळे असे हिवाळे पुन्हा येणार.

आता त्र्यंबकच्या वाटेवरची अंजनेरी. समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर, माथ्यावर बसाल्टचं सपाट पठार. माती जिथं साचली तिथं, बोटभर ते वीतभर. जून ते सप्टेंबर पावसाचा मारा एवढा की पाणी पठारावर पसरून वाहतं, खाली कातळ असल्यानं मुरत नाही. एप्रिलमध्ये त्याच कातळावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. म्हणजे वर्षाच्या एका टोकाला दलदल, दुसऱ्या टोकाला तवा, आणि मधे चारेक महिन्यांचा हंगाम. बर्फाच्या जागी बसाल्ट घाला, सात-आठ आठवड्यांच्या जागी चार महिने घाला, की गणित ओळखीचं वाटायला लागतं.

ऑगस्टअखेर इथल्या एका उथळ खळग्याजवळ उकिडवं बसून बघावं. निळी-जांभळी सीतेची आसवं हजारोंनी उभी असतात, प्रत्येक फूल नखाएवढं. त्याच्या बुडाशी, चिखलात, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पिशव्या असतात. पिशवीला झडप असते, झडपेवर केस असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव केसाला लागला की सेकंदाच्या हजाराव्या भागात झडप उघडून तो पाण्यासकट आत ओढला जातो. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती चिकट थेंबांवर किडे धरते. मांसाहाराची ही हौस नाही. पाऊस एवढा की मातीतलं नत्र धुऊन जातं, ते किड्यांमधून भागवावं लागतं. टुंड्रात कारण उलटं आहे, परिणाम तोच: थंडीमुळे पालापाचोळा कुजत नाही, नत्र मोकळं होत नाही, आणि तिथंही पानांवर किडे चिकटवणारी बटरवर्ट उभी असते. दोन्ही ठिकाणी माती गरीब आहे, आणि त्या गरिबीवरच तिथली सगळी विविधता उभी आहे. श्रीमंत मातीत ही मंडळी टिकत नाहीत. उंच, आडदांड गवतं आणि झुडपं त्यांना दोन हंगामांत झाकून टाकतात.

हा मुद्दा नीट धरून ठेवा, कारण पुढचा सगळा वाद नत्रावर येतो.

आइसलंडमध्ये धूप ही खरीच मोठी अडचण. शतकानुशतकांच्या मेंढ्यांनी आणि जंगलतोडीनं देशाचा बराच भाग उघडा पडलेला. १९४५ मध्ये तिथं अलास्काहून नूटका ल्यूपिन आणलं. शेंगावर्गीय, मुळांवर गाठी, हवेतलं नत्र मातीत बांधणारं. हेतू चांगला, निवडही कागदावर शहाणपणाची: उघड्या वाळूवर ते झकास रुजलं. पण उघड्या वाळूपाशी थांबलं नाही. शेवाळ, लायकेन आणि खुज्या झुडपांच्या जुन्या माळांवर चढलं, माती नत्रानं भरली, आणि खुजी मंडळी त्याच्या सावलीत गेली. आज पर्यटक त्या जांभळ्या डोंगरांसमोर उभं राहून फोटो काढतात. तिथल्या वनस्पतितज्ज्ञांना तो रंग बघवत नाही.

आपल्याकडे ल्यूपिनच्या जागी गिरिपुष्प आहे, म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. शेंगावर्गीय, मुळांवर गाठी, नत्र बांधणारं. छाटलं तरी फुटतं, काडी रोवली तरी जगतं, आणि आपल्याकडची गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. रोपं जगल्याची टक्केवारी दाखवायची असेल तर याच्यासारखं सोयीचं झाड नाही. म्हणूनच ते महाराष्ट्रातल्या टेकड्याटेकड्यांवर दिसतं. शेताच्या बांधावर ते उपयोगी आहे, हिरवळीचं खत उत्तम होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पठाराच्या बोटभर मातीत ते गेलं की एकाच वेळी सावली आणि नत्र आणतं, आणि तिथल्या वनस्पतींना नेमक्या याच दोन गोष्टी सोसत नाहीत. अंजनेरीवरून २००६ मध्ये विज्ञानाला नव्यानं कळलेली, गावाच्याच नावाची एक कंदिलपुष्पाची जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. फूल कंदिलासारखं, खाली जमिनीत कंद, उंची जेमतेम. एखाद्या रोपासाठी कंदाच्या जागी खड्डा पडला तर आपण काय उपटलं हे खणणाऱ्याला कळणारही नाही. कळेल कसं? खड्डे एप्रिल-मे महिन्यात खणतात, तेव्हा कंद मातीखाली झोपलेला असतो.

खड्ड्यांचा हिशेबही एकदा मांडून बघण्यासारखा आहे. रोपांत ३ बाय ३ मीटर अंतर धरलं तर हेक्टरी ११११ खड्डे. खड्डा नेहमीचा दीड फुटी, म्हणजे तिन्ही बाजूंनी ४५ सेंटीमीटर. एका खड्ड्यातून ०.०९ घनमीटर, सगळ्यांतून सुमारे १०० घनमीटर माती-मुरूम वर येतो. बांधकामवाल्यांच्या भाषेत ३५ ब्रास. जिथं मुळात माती वीतभर आहे तिथं यातला बहुतेक माल मुरूम आणि दगड. तो पसरतो आसपासच्या जिवंत मातीवर, आणि पहिल्या चार जोरदार सरींत बारीक माती वाहून जाते. धूप थांबवायला गेलो आणि धूप सुरू करून आलो. मग पाणी. रोपाला आठवड्याला १० लिटर धरलं तरी नोव्हेंबर ते जूनच्या ३० आठवड्यांत हेक्टरी सव्वातीन लाख लिटरच्या वर लागतं, १० हजार लिटरचे ३३ टँकर. टँकरला रस्ता लागतो. रस्ता झाला की त्यावरून फक्त टँकर येत नाहीत.

टुंड्रात वाहनाच्या चाकोरीचा अनुभव याहून वाईट. वरचा शेवाळाचा थर म्हणजे खालच्या बर्फावर टाकलेली गोधडी. चाकांनी ती फाटली की खालचा बर्फ वितळतो, जमीन खचते, खाचेत पाणी साचतं, पाणी आणखी ऊन शोषतं, आणि एका गाडीची चाकोरी पन्नास वर्षांनीही विमानातून दिसते. म्हणून अलास्कात तेलकंपन्यांना रस्ता सोडून टुंड्रावर गाडी घालायची असेल तर जमीन पुरेशी खोल गोठल्यावर आणि वर पुरेसा बर्फ साचल्यावरच परवानगी मिळते. तेल उपसणाऱ्या देशालाही हंगाम बघून गाडी घालावीशी वाटते. आपल्या पठारांवर भर पावसात, माती सर्वांत मऊ असताना, जीप चढवायला कुणाची ना नसते.

२०१६ ते २०१९ या काळात राज्यानं वृक्षलागवडीचे आकडे दरवर्षी फुगवत नेले: २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि शेवटी ३३ कोटी. एवढ्या झाडांना जागा कुठून आणायची? बागायतीत कुणी लावू देत नाही, गावठाणात जागा नाही, जंगलात आधीच झाडं आहेत. उरतात गायरानं, माळ आणि पठारं. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही गवताळ आणि खुरट्या झुडपांच्या जमिनींचा मोठा भाग ‘पडीक’ म्हणूनच रंगवलेला असतो, त्यामुळे कागदोपत्री सगळं बरोबर दिसतं. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून नाशिककर रस्त्यावर आले तेव्हाही उत्तर ठरलेलं होतं: तोडू तितकी, किंबहुना कितीतरी पट, दुसरीकडे लावू. तपोवनातली झाडं वाचावीत असं म्हणणाऱ्यांच्या बाजूचाच मी आहे. पण या ‘दुसरीकडे’चा पत्ता विचारायला हवा. तो पत्ता एखाद्या माळाचा निघाला तर नुकसान दोनदा होतं, एकदा तपोवनात आणि एकदा माळावर.

आता कार्बनचा मुद्दा. झाड म्हणजे कार्बन, हे समीकरण आता पाचवीतल्या पोरालाही पाठ आहे. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्टच्या मातीत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन अडकून आहे, वातावरणात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तो हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या मुळांच्या, शेवाळाच्या रूपात साठलेला आहे. तिथं झाडं लावायला जमीन उकरली की हाच साठा उघडा पडतो. शिवाय उघडं बर्फाळ रान सूर्यप्रकाश परत फेकतं, आणि त्यावर गडद हिरवी सूचिपर्णी झाडं उभी केली की तोच प्रकाश शोषला जाऊन जमीन तापते. ध्रुवीय भागात वृक्षलागवड हा हवामानबदलावरचा उपाय नव्हे, अशी मांडणी शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये नेचर जिओसायन्स या नियतकालिकात थेट केली आहे.

इथं प्रामाणिकपणे थांबायला हवं. नाशिकला बर्फ पडत नाही, त्यामुळे प्रकाश परत फेकण्याचा तो मुद्दा जसाच्या तसा आपल्याला लागत नाही. पर्माफ्रॉस्टही नाही. अंजनेरीखाली टनावारी कार्बन दडलाय असं सांगणारा माणूस थापा मारतोय. लागू पडतं ते एवढंच: गवताळ जमिनीचा कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो. फेब्रुवारीत वणवा लागला तर वरचं वाळलं गवत जळतं, खालचा बहुतेक साठा शाबूत राहतो, आणि जूनमध्ये गवत पुन्हा फुटतं. त्याच माळावर लावलेलं दोन वर्षांचं रोप त्याच वणव्यात संपतं, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावून नवा फलक उभा राहतो.

आक्षेप आहेत, आणि सगळे फालतू नाहीत. एक असा की ब्रह्मगिरीचे उतार तोडून बोडके केले गेले, गोदावरीच्या उगमाचं पाणी आटतं, मग तिथंही झाडं नकोत का? हवीत. उतारावर, घळीत, ओढ्याच्या काठी, जिथं मातीला खोली आहे आणि जुन्या झाडांचे बुंधे, फुटवे दिसतात, तिथं जंगल होतं आणि तिथं ते परत यावं. माझा आक्षेप माथ्याच्या कातळावर आणि पूर्वेकडच्या माळावर झाडं लावण्याला आहे. एकाच डोंगरावर दोन्ही गोष्टी असतात, आणि तीनशे पावलांवर नियम बदलतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: जागा मोकळी ठेवली तर कुणीतरी गिळणार, झाडं लावली तर निदान ‘वन’ म्हणून वाचेल. जमिनीला आलेला भाव पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण कुंपण म्हणून झाड लावणं म्हणजे घर वाचवायला घरातली माणसं बदलण्यासारखं आहे. येवल्याजवळ ममदापूर-राजापूरच्या माळांना काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, अंजनेरीलाही तो मिळाला. माळाला माळ म्हणून संरक्षण देता येतं. काळवीट दाट झाडीत राहत नाही. धावायला आणि लांबवर बघायला त्याला उघडं रान लागतं. माळढोकाच्या तर नावातच माळ आहे.

तिसरा आक्षेप, झाडं पाऊस आणतात, हा इतका मोघम आहे की त्यावर जागा खर्च करत नाही.

मग एखादी जागा झाडाची की गवताची, हे ठरवायचं कसं? अवघड नाही, फक्त घाई करून चालत नाही. पहार घ्यावी आणि त्या जागेत पसरून निदान वीस ठिकाणी ती ठोकावी. बहुतेक ठिकाणी फूटभराच्या आत कातळ लागला तर विषय संपला, तिथं झाड नको. माती खोल निघाली तर गवत बघावं. पवना, मारवेल, डोंगरी अशी बहुवर्षायू गवतं झुपक्यांनी उभी असतील तर ते जुनं, जिवंत कुरण आहे. नुसती कुसळी आणि एकवर्षी गवतं माजली असतील तर ते थकलेलं कुरण आहे. त्याला दुरुस्ती हवी, पण दुरुस्ती गवताचीच. वेडी बाभूळ, घाणेरी आणि गिरिपुष्प मुळासकट काढायचं. बुंधा वरून छाटला तर दुप्पट फुटतो, ही इथली नेहमीची चूक. जून ते ऑक्टोबर चराई बंद ठेवायची, बी झडल्यावर म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरात गवत कापायचं. फारच उघडं पडलं असेल तर मारवेल-पवन्याचं बी हेक्टरी पाचएक किलो, ओलसर मातीत कालवून, पहिल्या पावसाच्या अलीकडे फेकायचं. बी हलकं आणि केसाळ असतं, कोरडं फेकलं तर वाऱ्यावर जाऊन सगळं एका कडेला उगवतं. खत घालायचं नाही. कारण वर आलंच आहे.

चराई कायमची बंद करणंही चुकीचंच. घोटी-इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातली डांगी गुरं धो धो पावसात डोंगरावर चरतात. त्यांच्या तेलकट कातडीवर पाणी ठरत नाही. माथ्यावरचं गवत त्यांनी आणि त्यांच्या गुराख्यांनी कित्येक पिढ्या राखलं आहे. अजिबात चारलं नाही तर वाळलं गवत साचत जातं आणि मग वणवा लागतो तेव्हा तो नेहमीपेक्षा उग्र असतो. यामलचे नेनेट्स लोक रेनडिअरांचे कळप घेऊन हंगामाप्रमाणे शेकडो किलोमीटर सरकतात, लायकेनचा एक पट्टा संपायच्या आत पुढं निघतात. कुणी कधी हलायचं हे ठरवणारा माणूस दोन्ही ठिकाणी कागदावर ‘भूमिहीन’ किंवा ‘भटका’ असतो, आणि लागवडीच्या बैठकीत त्याला बोलावणं जात नाही.

दर हिवाळ्यात टुंड्राचा एक तुकडा नाशिकला येतोही. निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला, राज्याच्या पहिल्या रामसर स्थळावर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतल्या जागेवर), पाणी उतरून चिखल उघडा पडला की त्यावर चिमणीएवढा एक पक्षी शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत पळत असतो. छोटा टिलवा. वजन वीस-तीस ग्रॅम. त्याचं घरटं जून-जुलैत सायबेरियाच्या टुंड्रात, खुज्या विलोशेजारी, उघड्या जमिनीवर असतं. तिथं झुडपं वाढून रान दाटलं तर लपून येणाऱ्या कोल्ह्याला आडोसा मिळेल आणि याला दूरचं दिसणार नाही. उघडं रान हीच त्याची सुरक्षितता. डिसेंबरात दुर्बिणी घेऊन त्याला बघायला जाणारी आणि जुलैत माळावर रोपं लावायला जाणारी मंडळी बऱ्याचदा एकच असतात, आणि दोन्ही वेळा त्यांचा हेतू स्वच्छ असतो. म्हणून तर हा लेख त्यांच्यासाठी आहे.

जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. माळ असलेल्या ग्रामपंचायतीनं तिच्यात माळाला स्वतंत्र पान द्यावं: गवतं कोणती, कंद कोणते, कुठल्या महिन्यात काय फुलतं, कुणाची गुरं कधी चरतात. लागवडीचा प्रस्ताव आला की ते पान पुढं करता येतं, आणि ग्रामसभेच्या ठरावात सर्व्हे नंबरनिशी लिहिता येतं की ही जागा कुरण आहे, लागवडीसाठी उपलब्ध नाही.

आणि एक तारीख बदलावी. लागवडीच्या जागांची पाहणी आपल्याकडे मार्च ते मे दरम्यान होते, कारण जूनच्या आत खड्डे तयार हवेत. तेव्हा माळ पिवळा, पठार काळं, आणि अहवालात ‘वनस्पती आच्छादन नगण्य’ असं लिहिणं सोपं जातं. जानेवारीत टुंड्राची पाहणी केली असती तर तिथंही हेच लिहिलं गेलं असतं. पाहणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ठेवावी, लागवड पुढच्या वर्षी. सोबत एक पहार, एक टेप, आणि त्या डोंगरावर गुरं चारणारा एखादा माणूस, ज्याला तिथल्या गवताची नावं येतात.